आपल्या रस्त्याची गोष्ट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरातून वाचकांना एक आवाहन केले होते : आपण राहतो त्या रस्त्यावरची, गल्लीतली किंवा आळीतली एक गोष्ट लिहून पाहा आणि लिहिताना कोठे अडते ते कळवा. गोष्टी थोड्या आल्या, अडचणींची पत्रे मात्र पुष्कळ आली. त्यांपैकी ठाणे आणि नवी मुंबईतील काही पत्रे या वेळी निवडली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी चाळीसहून अधिक वर्षे एकाच आळीत राहते. लिहायला बसले की वाडे, अंगणे, विहिरी, शेजारधर्म असे सारे आठवते आणि पाने भरतात, पण वाचून दाखवल्यावर मुलगी म्हणते, "आई, छान आहे, पण यात काही घडतच नाही." घडायला हवे ते आणायचे कोठून?
(निवृत्त शिक्षिका, चरई, ठाणे)

उत्तर : तुमच्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे, पण त्यामुळे तुमची पाने वाया गेली असे मानू नका. तुम्ही पाठवलेल्या पानांतली क्रियापदे मी अधोरेखित करत गेले, तेव्हा ती जवळजवळ सगळी एकाच साच्याची निघाली : दूधवाला येत असे, आजोबा ओट्यावर बसत असत, संध्याकाळी मुली सागरगोटे खेळत असत. व्याकरण शिकवताना तुम्ही ज्याला रीतिभूतकाळ म्हणत आला असाल, तो हा काळ. अनेक दिवसांचे मिळून एक चित्र उभे करायला तो उत्तम आहे. परंतु त्यात कोणताही एक दिवस नसतो, आणि गोष्ट मात्र नेहमी एखाद्या दिवसाचीच असते. दूधवाला येत असे, हे वर्णन झाले. दूधवाला त्या दिवशी आला तो रिकामी किटली घेऊन, या वाक्यापाशी वाचक मान वर करतो. तेव्हा आधी तुमच्या पानांतले पहिले 'एके दिवशी' शोधा. ते बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या पानावर एखाद्या वाक्याच्या पोटात दडलेले असेल. गोष्टीची सुरुवात तेथून करा आणि त्याआधीची पाने बाजूला ठेवा. त्यांतला तपशील पुढे जेथे लागेल तेथे आपणहून परत येईल.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. रस्त्यावर लिहिताना आपण रस्त्याला देखाव्यासारखे मागे उभे करतो आणि माणसांना पुढे आणतो. प्रत्यक्षात रस्ता हा व्यवहार आहे. तेथे प्रत्येकाला काहीतरी हवे असते : बसायला जागा, सावली, गिऱ्हाईक, उधारी, रिक्षा, सुटे पैसे. हे हवेपण एकदा नेमके कळले की गोष्ट शोधावी लागत नाही. एका हिवाळ्यात मी आठवडाभर रोज पहाटे जांभळी नाक्याच्या बाजारात जाऊन एका कडेला उभी राहत होते. झेंडू आणि शेवंतीच्या ओल्या गोण्या उतरवल्या जात, सुतळी सोडली जाई, चेपलेली फुले एका बाजूला आणि हारात जाणारी दुसऱ्या बाजूला पडत. हे सगळे मी वहीत टिपले, आणि घरी येऊन वाचल्यावर तुमच्या मुलीने म्हटले तेच मला वाटले. मग एका पहाटे असे झाले की फुलवालीकडे आलेला पहिलाच माणूस अनवाणी होता आणि त्याला तिरडीसाठी हार हवा होता. घाईत तो पैसे न घेता घराबाहेर पडला होता. आता बाजाराची रीत अशी की भवानी उधारीने करत नाहीत. दिवसाची पहिली विक्री रोखीची व्हायला हवी, नाहीतर दिवस खोटा जातो अशी समजूत आहे. आणि मयताच्या हाराला 'नाही' म्हणायचे नाही, ही माणसाची रीत. त्या बाईने हार बांधून दिला, मग शेजारच्या लिंबूवाल्याला हाक मारून त्याच्याकडून एक रुपया हातावर घेतला, तो कपाळाला लावला आणि गल्ल्यात टाकला. भवानी झाली आणि उधारीही दिली गेली.

यात मी काहीही रचलेले नाही. परंतु भवानीची रीत मला ठाऊक नसती, तर समोर घडलेली ही गोष्ट मला दिसलीच नसती. एक बाई शेजाऱ्याकडून नाणे घेते आहे एवढेच दिसले असते. म्हणून माझा आग्रह असा की माणसाच्या स्वभावाआधी त्याच्या कामाची रीत शिकून घ्यावी. पेपरवाला मुख्य अंकात पुरवण्या घालताना कोणत्या बोटाने पान उघडतो, इस्त्रीच्या टेबलावर पहिला कपडा कोणता घेतात, पिठाच्या गिरणीत ज्वारीनंतर गहू टाकण्याआधी काय करतात, हे ज्याला माहीत आहे त्याला माणसे आपली गोष्ट सांगतात.

तुम्ही इतिहासाविषयीही विचारले आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी आली, 14 डबे आणि सुमारे 400 माणसे घेऊन, हे ठाण्याचा प्रत्येक शाळकरी मुलगा सांगतो, आणि म्हणूनच कथेत ते नुसते सांगून काही साधत नाही. मात्र त्याच रेल्वेमार्गामुळे चेंदणी कोळीवाड्याचा काही भाग पूर्वेला आणि काही पश्चिमेला पडला. एकाच कुळातली दोन घरे रुळांच्या दोन बाजूंना असतील, तर पुरणपोळीचा डबा पलीकडे पोहोचवण्याचे काम कोणावर येत असेल, याचा विचार केला की तारखेला माणूस मिळतो.

प्रश्न : माझी कथा काही 1975 मध्ये आणि काही आजच्या काळात घडते. ठिकाणांची नावे जुनी लिहावीत की नवी? मासुंदा तलाव लिहावे की तलावपाळी?
(नौपाडा, ठाणे)

उत्तर : पात्र ज्या नावाने हाक मारील तेच लिहावे. माणूस "तलावपाळीला जाऊन येतो" असेच म्हणतो. मासुंदा तलाव हे नाव फलकावर, बातमीत किंवा शाळेच्या निबंधात शोभते. नावांवरून पात्राचे वय आणि प्रसंगाचा काळही आपोआप ठरतो, त्यामुळे येथे चूक झाली तर जुन्या ठाणेकराला ती पहिल्याच वाचनात खटकते. तुमच्या 1975 च्या प्रसंगात महानगरपालिकेचा माणूस नळाची पाहणी करायला येतो, पण ठाणे महानगरपालिका स्थापन झाली ती 1 ऑक्टोबर 1982 रोजी, तोवर नगरपालिका होती. नायक नायिकेला गडकरी रंगायतनाच्या पायऱ्यांवर भेटतो, पण ते नाट्यगृह सुरू झाले 1978 मध्ये. त्याच भागात वाशीला नोकरी करणारा भाऊ ठाण्याहून थेट लोकलने जातो. ठाणे-वाशी लोकल 2004 मध्ये धावू लागली. हे तीन तपशील दुरुस्त करताना तुम्हाला तीन नवे प्रसंग सापडतील, कारण तलावाकाठी भेटणाऱ्या त्या दोघांना पायऱ्या नसतील तर दुसरा आडोसा शोधावा लागेल, आणि भावाला नोकरीच्या गावी पोहोचायला घरातून बराच आधी निघावे लागेल.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रस्त्यालगत एका गृहसंकुलात अठराव्या मजल्यावर राहतो. येथे गल्ली नाही, ओटा नाही, शेजारी लिफ्टमध्ये भेटतात. अशा ठिकाणी रस्त्याची गोष्ट लिहिता येते का, की ती केवळ जुन्या ठाण्याची मिरासदारी आहे?
(संगणक अभियंता, कासारवडवली)

उत्तर : मिरासदारी हा शब्द तुम्ही वापरला आहे आणि त्यामागची खंत मला समजते. जुन्या ठाण्यावर प्रेमाने लिहिणारे आम्ही लोक नव्या वस्त्यांना जणू आत्माच नाही अशा सुरात बोलतो, आणि ते अन्यायाचे आहे. जेथे माणसे रोज एकमेकांच्या वाटेत येतात तेथे रस्ता असतोच. तुमच्या संकुलाच्या फाटकाशी सकाळी सात ते नऊ उभे राहून पाहा. घरकामाला येणाऱ्या बायका वहीत नाव आणि फ्लॅटचा क्रमांक लिहितात, काही अंगठा उठवतात, काहींचे मोबाईलवर नोंदले जाते. संध्याकाळी बाहेर पडताना पिशवी उघडून दाखवावी लागते. एकाच फाटकातून काही माणसे न थांबता जातात आणि काहींना थांबावे लागते. कोण थांबते आणि कोणाला थांबवतात, यापेक्षा मोठा कथाविषय मला तरी सुचत नाही.

शिवाय तुमचा रस्ता नवा आहे हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. घोडबंदर हे खाडीकाठचे बंदर होते आणि तेथे घोड्यांचा व्यापार चाले, म्हणून त्याला हे नाव मिळाले असे सांगतात. तेथला पोर्तुगीज काळातला किल्ला अजून उभा आहे. मानपाडा, वाघबीळ, ओवळे, कासारवडवली ही तुमच्या बसथांब्यांची नावे मुळात गावांची नावे आहेत आणि ती गावे संपलेली नाहीत. दोन टॉवरांच्या मध्ये कौलारू घरे, तुळशीवृंदावन आणि गावदेवीचे देऊळ अजून सापडते. ज्यांच्या भातखाचरांवर संकुले उभी राहिली, त्यांपैकी काही जण आज त्याच संकुलांना पाण्याचे टँकर पुरवतात, काही इमारतीच्या साहित्याचा व्यवसाय करतात, काहींनी चाळी बांधून भाड्याने दिल्या आहेत. वडाळा ते कासारवडवली या मेट्रोच्या खांबांनी रस्त्याच्या मधोमध जागा घेतल्यापासून पलीकडे जायला किती वळसा पडतो, हे शाळेत मुलाला सोडणाऱ्या आजोबांना विचारा. मला वाटते, तुम्हाला गोष्टीची वाण नाही. तुम्ही अजून लिफ्टमधून उतरून फाटकाबाहेर पायी अर्धा तास घालवलेला नाही, एवढेच आहे. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. पत्रात तुम्ही स्वतःच लिहिले आहे की तुम्ही वाहनतळातून थेट गाडी बाहेर काढता.

प्रश्न : आम्ही आगरी आहोत. घरी आणि गावात आम्ही आगरी बोलतो. कथेत ती बोली लिहिली तर शहरातल्या वाचकाला कळणार नाही असे मित्र म्हणतात, आणि गावातली माणसे वाचून हसतात. मग काय करावे? संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, असा मधला मार्ग योग्य आहे का?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, घणसोली, नवी मुंबई)

उत्तर : हा मधला मार्ग फार रुळलेला आहे आणि मला तो पूर्णपणे मान्य नाही. निवेदक प्रमाण भाषेत बोलतो आणि बोली केवळ पात्रांच्या तोंडी येते, तेव्हा वाचकाच्या मनात नकळत अशी वाटणी होते की विचार करणारा एक आणि बोलणारे दुसरे. त्यातही बोली फक्त विनोदी किंवा भांडखोर पात्राच्या वाट्याला आली तर हसणे अटळ आहे. तुमच्या गावातली माणसे हसतात ती तुमच्या भाषेला हसत नसावीत. आपली भाषा कागदावर गंभीरपणे लिहिलेली त्यांनी फारशी पाहिलेली नाही, म्हणून ती संकोचाने हसतात. तुम्ही एक संपूर्ण गोष्ट बोलीतच लिहून पाहा, निवेदनासकट. आपल्या बापसाच्या मरणाची गोष्ट सांगणारा माणूस 'वडील' म्हणायला लागला की त्याचा आवाजच बदलतो. 'बापूस' आणि 'आयस' हे शब्द ज्या घरात बोलले जातात त्या घराची गोष्ट त्या शब्दांवाचून अपुरी राहते. अवघड शब्दांना कंसात अर्थ देऊ नका. 'खाजण' हा शब्द वाक्यात अशा ठिकाणी ठेवा की भरतीचे पाणी आले, चिखल झाला, निवट्या धरायला पोरे उतरली, आणि वाचकाला तो शब्द आपोआप उमगला.

लेखन कानावर बेतलेले असावे, पण एकाच गोष्टीत एक शब्द तीन प्रकारे लिहिला जाऊ नये, एवढी शिस्त पाळा. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या शब्दांची यादी करा आणि गावातल्या एखाद्या वयस्क बाईला ती वाचून दाखवा. पुरुष नोकरीसाठी बाहेर पडतात आणि त्यांची बोली बाजाराशी जुळवून घेते. घरात राहिलेल्या वडीलधाऱ्या बायकांकडे ती अधिक टिकते, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ते मी पुन्हा पुन्हा वाचले : "पत्ता लिहिताना आम्ही सेक्टर लिहितो, पण आजी अजून 'खारीत' म्हणते." सिडकोची स्थापना मार्च 1970 मध्ये झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या 95 गावांची जमीन संपादनाखाली आली. मोबदल्यासाठीच्या लढ्याचे नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केले. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे विकसित भूखंडाच्या साडेबारा टक्के योजनेपर्यंत गोष्ट आली. हा इतिहास लेखांतून सांगितला जातो आणि जायला हवाच. परंतु ज्या जमिनीवर भात पिकत होते ती आजीच्या जिभेवर अजून खार आहे आणि नातवाच्या आधारकार्डावर सेक्टर आहे, हे केवळ गोष्टीतच मावते, आणि ते तुमच्याच भाषेत लिहिले जायला हवे. एखादा वाचक अडखळेल. त्याला अडखळू द्या. तुम्हीही शाळेच्या पहिल्या दिवशी त्याच्या भाषेत अडखळला होता.

प्रश्न : आमच्या रस्त्यावर भाजी विकणाऱ्या एका मावशींवर मी कथा लिहिली. नाव बदलले होते. ती एका स्मरणिकेत छापून आल्यावर साऱ्यांनी त्यांना ओळखले आणि आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांच्याविषयी चांगलेच लिहिले होते. माझे काय चुकले? आणि अशा वेळी कायदा काय सांगतो?
(गृहिणी, पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर : कायद्याचे आधी सांगते, कारण ते थोडक्यात आटोपते. 1957 च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार संरक्षण मिळते ते मांडणीला. घडलेल्या घटनेवर किंवा कल्पनेवर कोणाची मालकी नसते. त्यामुळे मावशींच्या आयुष्यातली घटना तुमच्या शब्दांत लिहिली म्हणून त्या कायद्याचा भंग होत नाही. बदनामीची तरतूद पूर्वी भारतीय दंड संहितेत होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. तेथे नाव बदलले एवढे पुरेसे नसते, मजकुरावरून व्यक्ती ओळखू येते का आणि तिच्या लौकिकाला धक्का बसतो का, हे पाहिले जाते. तुम्ही चांगले लिहिले आहे, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने काळजीचे कारण मला दिसत नाही.

पण मावशी बोलत नाहीत, आणि त्याचे उत्तर कायद्यात मिळणार नाही. येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या रस्त्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांवर मी एक व्यक्तिचित्र लिहिले होते. खिशात राहिलेल्या नोटा ते कशा परत करतात, कपड्यावरून घरातले लग्न किंवा आजारपण कसे ओळखतात, हे सारे मी आदराने लिहिले, आणि लेखाला खरेपणा यावा म्हणून आणखी एक तपशील घातला : अलीकडे त्यांची नजर मंदावली आहे आणि एकदा माझ्या शेजारणीच्या साडीच्या काठावर इस्त्रीचा डाग पडला, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. लेख पुष्कळांना आवडला. काही महिन्यांनी त्यांच्या टेबलापाशी उभी असताना माझ्या लक्षात आले की गठ्ठ्यात फक्त सुती शर्ट आणि शाळेचे गणवेश आहेत. रेशमी साड्या येणे बंद झाले होते. त्यांनी मला एका शब्दाने बोलून दाखवले नव्हते. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुम्ही खोटे काहीच लिहिले नाही. पण आधी सांगितले असते, तर मी डोळ्याचे ऑपरेशन करून घेतले आहे, हेही तुम्हाला लिहिता आले असते."

तेव्हापासून जिवंत माणसावर लिहिलेला मजकूर त्याला वाचून दाखवल्याशिवाय मी छापायला देत नाही. कागद हातात देऊन "वाचा" असे म्हणत नाही, समोर बसून मोठ्याने वाचते, कारण काहींना वाचता येत नाही आणि काहींना तसे सांगणे जड जाते. यामुळे लेखन भिडस्त होते, असा आक्षेप घेतला जातो. माझा अनुभव उलटा आहे. ऐकताना माणसे क्वचितच "हे काढा" म्हणतात. बहुधा "हे असे नव्हते" म्हणतात, आणि त्यानंतर जे सांगतात ते आपण लिहिलेल्याहून चांगले असते.

रस्त्यावर विक्री करणाऱ्यांच्या बाबतीत एक सावधगिरी आणखी घ्यावी लागते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती यांची तरतूद केली, आणि समितीतील किमान 40 टक्के सदस्य निवडून आलेले पथविक्रेते असावेत असे म्हटले. तरीही ज्यांच्या हातात प्रमाणपत्र नाही अशी माणसे प्रत्येक रस्त्यावर आहेत, आणि अतिक्रमणाची गाडी आली की टोपली उचलून पळणे हा त्यांच्या दिवसाचा भाग आहे. तुमच्या कथेत मावशी गाडी येण्याआधी आपला माल कोणत्या दुकानाच्या मागच्या बाजूला ठेवतात, याचे फार सुरेख वर्णन आहे. मला वाटते, मावशींना राग आला तो त्या परिच्छेदाचा. तो लपण्याचा आडोसा त्यांचा एकटीचा नाही, दुकानदाराच्या भल्या मनाचाही आहे, आणि तो आता छापून आला आहे. कामाची रीत तंतोतंत लिहावी. जागा, वेळ आणि मदत करणाऱ्याची ओळख मात्र बदलावी. टोपली वखारीच्या मागे ठेवली काय आणि दवाखान्याच्या जिन्याखाली ठेवली काय, कथेचे काही उणे होत नाही.

त्यांच्याकडे जा. स्पष्टीकरण देऊ नका. कोणता परिच्छेद लागला ते विचारा आणि पुढच्या छपाईत तो बदलण्याचे वचन द्या. भाजी घेण्याच्या निमित्ताने जाऊ नका, गिऱ्हाईक म्हणून गेलात तर त्यांना बोलणे भाग पडेल. दुपारी, विक्री नसते त्या वेळी जा.

प्रश्न : कथा किती शब्दांची असावी?
(वाशी)

उत्तर : आमच्या सदरासाठी आठशे ते हजार शब्द ठीक. एरवी गोष्ट जेवढी असेल तेवढी.

प्रश्न : आमच्या मंडळाने यंदा गणेशोत्सवात वस्तीचे हस्तलिखित काढायचे ठरवले आहे. पण लिहिणारे तीनच जण आहेत आणि ज्यांच्याकडे गोष्टी आहेत त्यांना लिहिण्याची सवय नाही. आमच्या रिक्षा स्टँडवरचे एक काका 26 जुलै 2005 च्या रात्री कळवा पुलाजवळ रिक्षा सोडून पाण्यातून कसे गेले, ते सांगायला लागतात आणि मध्येच थांबतात. अशांकडून गोष्ट कशी मिळवावी? हस्तलिखिताच्या प्रती काढल्या तर काही परवाने लागतात का?
(मंडळाचे कार्यकर्ते, कळवा)

उत्तर : तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला. सार्वजनिक गणेशोत्सवाने 1893 मध्ये जोर धरला आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले तेही त्याच वर्षी. मंडप आणि वाचनालय यांचे नाते या शहरात तेवढे जुने आहे. चाळीचे हस्तलिखित, मंडळाचे भित्तिपत्रक यांतून लिहिते झालेले कितीतरी लोक आपल्याला आसपास भेटतील.

लिहिणारे तिघेच आहेत ही अडचण मानू नका. प्रत्येक गोष्टीला दोन नावे द्या : सांगणाऱ्याचे आणि लिहून घेणाऱ्याचे. सांगणारे बोलत असताना, त्यांची परवानगी घेऊन, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा आणि नंतर शब्दाला शब्द उतरवा. 'मग काय झालं', 'समजलं ना' असे बोलण्यातले टेकू पहिल्या खेपेला काढू नका, कारण माणसाची लय त्यांतच असते. दुसऱ्या खेपेला गाळायचे ते गाळा आणि मग त्यांना वाचून दाखवा. विक्रीसाठी नसलेल्या, वस्तीपुरत्या एका अंकासाठी तुम्हाला कोणताही परवाना लागणार नाही. पुढे पुस्तक छापून विकायचे झाले तर आंतरराष्ट्रीय ग्रंथक्रमांक (आयएसबीएन) राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, आणि छापील पुस्तकाच्या प्रती 1954 च्या कायद्याप्रमाणे ठरावीक ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात. गोष्टींचे हक्क लेखकांकडेच राहतात. मंडळाला ते हवे असतील तर तसे लेखी घ्यावे लागते, पण माझा सल्ला असा की मंडळाने ते मागू नयेत.

आता काकांविषयी. ते थांबतात, कारण त्यांना बहुधा प्रत्येक जण विचारतो, "तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" या प्रश्नाला उत्तर नसते, निदान स्टँडवर चार जणांसमोर नसते. वस्तूंविषयी विचारा. रिक्षा कोणती होती, तिचे हप्ते चालू होते का, मागच्या सीटवर कोणी होते का, पाणी चाकाच्या कोठवर आले तेव्हा इंजिन बंद पडले, दिवसाचे पैसे कोठे ठेवले. एकट्याला गाठा, भाड्यांची गर्दी नसते अशा दुपारी, आणि ते थांबले तर तुम्हीही थांबा, वाक्य त्यांच्या वतीने पुरे करू नका. यंदा नाही सांगितले तर त्यांचे पान कोरे ठेवून पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. अंक तयार झाल्यावर त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा, आणि काकांना माझ्या वतीने एवढेच विचारा की त्या रात्री रिक्षा पुलाजवळ सोडून निघताना त्यांनी किल्ली काढून घेतली होती का.